एकाच मेल सर्व्हरवर अनेक डोमेन: पोस्टफिक्स आणि डव्हकॉटची मांडणी

एका मेल सर्व्हरवर दोन, दहा किंवा शंभर डोमेनची मेल व्यवस्थित चालते. त्यासाठी प्रत्येक डोमेनला वेगळा आयपी, वेगळं सर्व्हरनाव किंवा वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पाठवणारा सर्व्हर जोडणी झाल्यावर ‘आरसीपीटी टू’ या आदेशात पूर्ण पत्ता सांगतो, @ च्या पुढच्या डोमेनसकट. पत्र कोणाचं आहे हे तेवढ्यावरून कळतं. म्हणून सगळी मांडणी एका सूत्रावर करायची: सर्व्हरची ओळख एकच, आणि डोमेन म्हणजे तक्त्यातली एक ओळ. या दोन गोष्टींची गल्लत झाली की बिघाड सुरू होतात. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच या गल्लतीतूनच येतात.

इथे लिनक्सवर तीन प्रोग्राम धरले आहेत. पोस्टफिक्स पत्रं घेतं आणि पाठवतं, डव्हकॉट ती साठवतं आणि वापरकर्त्यांचं लॉगिन सांभाळतं, आरस्पॅमडी स्पॅम गाळतं आणि बाहेर जाणाऱ्या पत्रांवर डीकेआयएमची, म्हणजे पत्र खरंच त्या डोमेनकडून आल्याची खूण देणारी सही करतं. काही डझन मेलबॉक्सना 2 जीबी मेमरी पुरते. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम लावायचा असेल तर 4 जीबी घ्या, कारण व्हायरसची यादी मेमरीत ठेवायलाच त्याला एक जीबीहून जास्त लागते. सेटिंग, फाइल आणि आदेश यांची नावं पुढे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत टाकायची.

आपली उदाहरणं अशी: सर्व्हरचं नाव मेल.एक्झाम्पल.कॉम, आणि त्यावर तीन डोमेन, एक्झाम्पल.कॉम, एक्झाम्पल.नेट आणि एक्झाम्पल.ऑर्ग.

सर्व्हरची स्वतःची ओळख

आधी सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे एक गोष्ट विचारून घ्या: पोर्ट 25 वरून बाहेर जोडणी करू देता का? बरेच क्लाउडवाले ती बंद ठेवतात, काही विनंती केल्यावर उघडतात, काही उघडतच नाहीत. हे नंतर कळलं तर सगळी मेहनत वाया जाते.

मग मेल.एक्झाम्पल.कॉम या नावाची ए नोंद, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी डीएनएसमधली ओळ, सर्व्हरच्या आयपीकडे करा, आणि त्या आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, पुन्हा याच नावाकडे करून घ्या. पीटीआर डोमेनच्या डीएनएसमध्ये होत नाही. ज्याचा आयपी आहे त्याच्या पॅनेलमधून होते. पोस्टफिक्समध्ये ‘मायहोस्टनेम’ हेच नाव द्या. ए नोंद, पीटीआर आणि जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हर सांगतो ते हेलो नाव, तिन्ही जुळायला हवीत. एका आयपीला प्रत्येक डोमेनची एकेक अशा अनेक पीटीआर देऊ नका. त्याने फायदा काहीच होत नाही, उलट समोरच्या सर्व्हरला मिळणारं उत्तर अनिश्चित होतं. एक्झाम्पल.नेटचं पत्र मेल.एक्झाम्पल.कॉम नावाच्या सर्व्हरवरून गेलं तर त्यात गैर काहीच नाही. मोठ्या मेल सेवाही हजारो ग्राहकांच्या डोमेनची पत्रं स्वतःच्याच नावाच्या सर्व्हरवरून पाठवतात.

सर्व्हरला आयपीव्ही6 पत्ता असेल तर त्याचीही पीटीआर लागते. ती नसेल तर जीमेल आयपीव्ही6 वरून आलेली पत्रं नाकारतं, आणि लॉगमध्ये ‘कधी जातं, कधी परत येतं’ असं गोंधळात टाकणारं चित्र दिसतं, कारण पोस्टफिक्स कधी एका पत्त्यावरून जातं, कधी दुसऱ्या. पीटीआर मिळत नसेल तर ‘आयनेट_प्रोटोकॉल्स’ आयपीव्ही4 वर ठेवा आणि मेल.एक्झाम्पल.कॉमची एएएए नोंद (आयपीव्ही6 पत्ता सांगणारी) काढून टाका.

पोस्टफिक्स: डोमेन कुठल्या यादीत टाकायचं

पोस्टफिक्स प्रत्येक डोमेनला एका वर्गात बसवतं. ‘मायडेस्टिनेशन’ या यादीतलं डोमेन म्हणजे मशीनवरच्या लिनक्स वापरकर्त्यांचं. तिथे डोमेनचा भेदच उरत नाही: एक्झाम्पल.कॉम आणि एक्झाम्पल.नेट दोन्ही या यादीत टाकली तर इन्फो@एक्झाम्पल.कॉम आणि इन्फो@एक्झाम्पल.नेट यांची पत्रं एकाच ‘इन्फो’च्या पेटीत पडतात. म्हणून आपली तिन्ही डोमेन ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’मध्ये जातील, आणि ‘मायडेस्टिनेशन’मध्ये फक्त सर्व्हरचं पूर्ण नाव आणि लोकलहोस्ट राहील. क्रॉनसारख्या कामांची पत्रं त्या नावाने येतात. एलियासेस फाइलमध्ये रूटची पत्रं स्वतःच्या खऱ्या पत्त्याकडे वळवा.

एकच डोमेन दोन याद्यांत राहिलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतं, पण चालू राहतं, आणि पत्रं चुकीच्या जागी जातात किंवा ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत जातात. डेबियनवर पॅकेज बसवताना विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातून मुख्य डोमेन बऱ्याचदा आपोआप ‘मायडेस्टिनेशन’मध्ये बसलेलं असतं. पहिलं डोमेन चालत नाही आणि बाकीची चालतात, अशी तक्रार आली तर आधी हीच ओळ बघा.

तीन तक्ते लागतात: डोमेनची यादी, मेलबॉक्सची यादी आणि एलियासची, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेल्या पत्त्यांची यादी. पोस्टफिक्समध्ये ते अनुक्रमे ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’, ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स’ आणि ‘व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स’ यांना जोडायचे. पत्र पोचवायचं काम डव्हकॉटकडे सोपवायला ‘व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट’मध्ये एलएमटीपीचा सॉकेट (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे पत्र देण्याची जागा) द्या.

पाच-सहा डोमेन आणि थोडेच मेलबॉक्स असतील, आणि बदल तुम्ही एकटेच करत असाल, तर साध्या मजकूर फाइल पुरेशा आहेत. हॅश प्रकारच्या फाइलमध्ये बदल केला की दर वेळी ‘पोस्टमॅप’ चालवायचं. ते विसरलं की फाइलमध्ये नवा पत्ता दिसतो आणि सर्व्हर तरीही तो नाकारतो. नव्या काही लिनक्समध्ये हॅशच्या जागी एलएमडीबी आलं आहे. तुमच्याकडे कुठले प्रकार आहेत ते ‘पोस्टकॉन्फ -एम’ सांगतं, एम लहान लिपीतला.

त्यापलीकडे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल वापरा. त्याचा खरा फायदा असा की पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघंही एकाच तक्त्याकडे बघतात आणि पत्ता एकीकडे आहे, दुसरीकडे नाही अशी फारकत होत नाही. पोस्टफिक्सला डेटाबेसचा फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता द्या, आणि ज्या फाइलमध्ये त्याचा पासवर्ड आहे ती रूटच्या मालकीची, पोस्टफिक्स गटाला वाचता येईल अशी, 640 परवान्याची ठेवा.

दोन अडचणी इथे हमखास येतात. पहिली: डोमेनच्या यादीला प्रश्न विचारताना पोस्टफिक्स नुसतं डोमेन देतं, पूर्ण पत्ता नाही. म्हणून त्या फाइलमधल्या क्वेरीत ‘टक्का-एस’ लिहायचं. ‘टक्का-डी’ लिहिलं तर पोस्टफिक्स @ असलेला पत्ता शोधतं, तो सापडत नाही, आणि क्वेरी डेटाबेसपर्यंत जातच नाही. चूक दाखवणारी एकही ओळ लॉगमध्ये येत नाही. दुसरी: डेबियनवर एसएमटीपीडी, म्हणजे पोस्टफिक्सचा पत्रं घेणारा भाग, क्रूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये चालतं. मारियाडीबीसाठी होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिलं की ते युनिक्स सॉकेट शोधतं, आणि क्रूटमधून तो दिसत नाही. त्याजागी 127.0.0.1 लिहा, किंवा तक्त्याच्या नावाआधी ‘प्रॉक्सी:’ लावा. प्रॉक्सीने डेटाबेसच्या जोडण्याही कमी होतात.

मेलबॉक्सची यादी मात्र कधीही रिकामी सोडू नका. ‘पत्ता आहे की नाही ते डव्हकॉट बघेलच’ असं वाटतं, पण ही यादी नसली की पोस्टफिक्स त्या डोमेनचा कुठलाही पत्ता स्वीकारतं. डव्हकॉट नंतर नकार देतं, तोवर पत्र आपल्या पदरात पडलेलं असतं. मग आपला सर्व्हर ‘पत्र पोचलं नाही’ अशी सूचना पाठवतो, आणि स्पॅममधले पाठवणाऱ्याचे पत्ते खोटे असल्याने ती भलत्याच लोकांना जाते. अशाने आयपी काळ्या यादीत जातो, आणि त्याचा त्रास सगळ्या डोमेनना होतो.

डव्हकॉट: पेट्या आणि लॉगिन

साठवणीसाठी एकच लिनक्स वापरकर्ता करा, नाव व्हीमेल, यूआयडी आणि जीआयडी 5000. पेट्या व्हार फोल्डरमधल्या व्हीमेलखाली डोमेन, मग नाव, मग मेलडिर अशा क्रमाने ठेवा. डोमेनचं फोल्डर वेगळं असलं की पुढे एखादं डोमेन हलवणं, त्याची जागा मोजणं किंवा बॅकअप घेणं एका फोल्डरपुरतं राहतं.

लॉगिनचं नाव नेहमी पूर्ण पत्ता ठेवा. डव्हकॉटमधलं ‘ऑथ_युजरनेम_फॉरमॅट’ मुळात पूर्ण पत्ता लहान अक्षरांत घेतं, आणि तेच बरोबर आहे. एका डोमेनसाठी लिहिलेल्या सेटिंगमध्ये इथे ‘टक्का-एल-एन’ असतं. त्याने @ च्या पुढचा भाग गळून पडतो. तशी फाइल उचलली तर दोन डोमेनमधले ‘इन्फो’ एक होतात, किंवा एलएमटीपी वापरकर्ता सापडत नाही म्हणून पत्र परत पाठवतं. ही ओळ तपासल्याशिवाय दुसरं डोमेन जोडू नका.

सेटिंग कुठल्या आवृत्तीची आहे हेही बघा. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या डव्हकॉट 2.4 मध्ये फाइलची मांडणी बदलली. 2.3 मधलं ‘मेल_लोकेशन’ जाऊन ‘मेल_ड्रायव्हर’ आणि ‘मेल_पाथ’ आले, टक्का-डीसारखी छोटी चिन्हं जाऊन महिरपी कंसातली लांब नावं आली. जुनी फाइल 2.4 वर चालत नाही. डव्हकॉट सुरूच होत नाही. डेबियन 13 मध्ये 2.4 आहे, त्यामुळे जुन्या लेखांतली सेटिंग तिथे जशीच्या तशी उतरवू नका.

डेबियनवर डव्हकॉट मुळात लिनक्सचे वापरकर्ते तपासतं. ती फाइल जोडणारी ओळ बंद करून एसक्यूएलची, किंवा पासवर्ड-फाइलची ओळ सुरू करा. पासवर्ड ‘डव्हअॅडम पीडब्ल्यू’ने तयार करा, आर्गॉन2आयडी किंवा ब्लोफिश-क्रिप्ट निवडा.

पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन सॉकेटवरून बोलतात: पत्र देण्यासाठी एलएमटीपीचा, पासवर्ड तपासण्यासाठी ऑथचा. दोन्ही पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमधल्या ‘प्रायव्हेट’मध्ये तयार करा, मालक आणि गट पोस्टफिक्स ठेवा. दुसरीकडे केले तर क्रूटमुळे पोस्टफिक्सला ते दिसत नाहीत आणि लॉगमध्ये ‘अशी फाइल नाही’ येतं, जरी फाइल तुमच्या डोळ्यांसमोर असली तरी.

एलियास आणि ‘सगळं पकडणारा’ पत्ता

प्रत्येक डोमेनला पोस्टमास्टर हा पत्ता हवाच. तो एसएमटीपीच्या नियमातच आहे. अब्यूजही ठेवा. तिन्ही डोमेनचे हे पत्ते एकाच व्यक्तीकडे एलियासने वळवता येतात.

एखाद्या डोमेनचं वाट्टेल ते नाव एका पेटीत घ्यायचं असेल, म्हणजे कॅच-ऑल हवा असेल, तर एलियास तक्त्यात डावीकडे नुसतं @एक्झाम्पल.नेट लिहितात. पण पोस्टफिक्स एलियास आधी बघतं, मेलबॉक्स नंतर. त्यामुळे त्या डोमेनमधले खरे मेलबॉक्सही त्या एका पेटीत ओढले जातात आणि बाकीच्यांच्या पेट्या रिकाम्या राहतात. उपाय असा: त्या डोमेनच्या प्रत्येक खऱ्या मेलबॉक्सची एक ओळ एलियास तक्त्यात टाकायची, डावीकडे आणि उजवीकडे तोच पत्ता. पूर्ण पत्त्याची ओळ नुसत्या डोमेनच्या ओळीआधी शोधली जाते, म्हणून खरी पत्रं आपापल्या जागी जातात. तरीही कॅच-ऑल टाळावा हेच आमचं मत. स्पॅमवाले नावांच्या याद्या फेकून बघतात, आणि कॅच-ऑल ते सगळं घरात घेतो.

एक्झाम्पल.ऑर्ग हे एक्झाम्पल.कॉमचं नुसतं दुसरं नाव असेल, तर @एक्झाम्पल.ऑर्गकडून @एक्झाम्पल.कॉमकडे एकच ओळ लिहिण्याचा मोह होतो. तसं केलं की एक्झाम्पल.ऑर्गचं कुठलंही नाव सर्व्हरला खरं वाटतं, पत्र स्वीकारलं जातं आणि नंतर परतीच्या सूचना निघतात. खऱ्या पत्त्यांच्या ओळी एकेक करून लिहा. एसक्यूएल असेल तर मेलबॉक्सच्या तक्त्याशी जोडून फक्त अस्तित्वात असलेली नावंच परत देणारी क्वेरी लिहा.

बाहेरच्या पत्त्यांवर फॉरवर्ड देताना हात आखडता ठेवा. पत्र पुढे पाठवताना मूळ पाठवणाऱ्याचं डोमेन तसंच राहतं, आणि आपला आयपी त्याच्या एसपीएफमध्ये (त्या डोमेनची पत्रं कुठले सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) नसतो, त्यामुळे एसपीएफ फसतो. पोस्टएसआरएसडी हा प्रोग्राम लावला तर लिफाफ्यावरचा, म्हणजे जोडणीत सांगितलेला पाठवणाऱ्याचा, पत्ता आपल्या डोमेनचा होतो. स्पॅम मात्र आपल्याच नावावर पुढे जातो, म्हणून गाळणी आधी, फॉरवर्ड नंतर.

पाठवणं: कोण कोणाच्या नावाने लिहू शकतं

पोर्ट 25 इतर सर्व्हरसाठी आहे. तिथे लॉगिन बंद ठेवा. वापरकर्त्यांसाठी 465 आणि 587 उघडा. 465 वर जोडणी पहिल्यापासून कूटबद्ध असते, 587 वर स्टार्टटीएलएसने होते; 2018 च्या आरएफसी 8314 नेही 465 ची पद्धत आधी सुचवली आहे. पत्रं वाचायला आयमॅपचा 993. 465 आणि 587 च्या ओळी पोस्टफिक्सच्या मास्टर.सीएफ फाइलमध्ये आधीच असतात, फक्त चालू करायच्या.

अनेक डोमेनच्या सर्व्हरवर आता सांगतो ती पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. लॉगिन झालेला वापरकर्ता मुळात कुठल्याही नावाने पत्र पाठवू शकतो. म्हणजे एक्झाम्पल.नेटचा वापरकर्ता संचालक@एक्झाम्पल.कॉम या नावाने पत्र पाठवेल, आणि एसपीएफ पास होईल, कारण सर्व्हर तोच आहे. वेगवेगळ्या संस्थांची डोमेन एकत्र ठेवली असतील तर ही तुमच्या सर्व्हरने दिलेली खोट्या सहीची सोय ठरते.

‘एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स’ हा चौथा तक्ता करा: डावीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता, उजवीकडे तो वापरायची मुभा असलेली लॉगिन नावं, स्वल्पविरामाने वेगळी. मेलबॉक्सला स्वतःचा पत्ता, आणि एलियासला तो ज्यांच्याकडे वळतो ते मेलबॉक्स; एसक्यूएलमध्ये हे दोन क्वेरी जोडून आपोआप मिळतं. मग पाठवणाऱ्यांच्या निर्बंधांत ‘रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच’ लिहा, आणि ते ‘परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड’च्या आधी यायला हवं, नाहीतर लॉगिन झालेला माणूस तपासणीपर्यंत पोचतच नाही. हे फक्त 465 आणि 587 साठी. मास्टर.सीएफमध्ये रिकामी जागा असलेली किंमत महिरपी कंसाशिवाय लिहिता येत नाही, म्हणून मेन.सीएफमध्ये ‘एमयूए_सेंडर_रिस्ट्रिक्शन्स’ नावाने ओळ लिहा आणि मास्टरमध्ये डॉलर चिन्ह लावून तिचं नाव द्या. नियम मोडणाऱ्याला 553 हे उत्तर मिळालं की समजा तपासणी चालू आहे.

यात एक मर्यादा आहे. ही तपासणी लिफाफ्यावरच्या पत्त्याची असते, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉम ओळीची नाही. फ्रॉम ओळीचं काम डीकेआयएमकडे येतं, म्हणून पुढचा भाग.

सह्या आणि डीएनएस: डोमेनगणिक करायचं काम

प्रत्येक डोमेनच्या डीएनएसमध्ये एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चार नोंदी लागतात. एमएक्स सांगते त्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायची, आणि डीमार्क सांगते एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही फसले तर पत्राचं काय करायचं. तिन्ही डोमेनची एमएक्स एकाच नावाकडे, मेल.एक्झाम्पल.कॉमकडे दाखवा. एमएक्समध्ये आयपी लिहायचा नसतो, आणि ते नाव सीनेमही (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) असता कामा नये. मेल.एक्झाम्पल.नेट असं वेगळं नाव करून तिकडे बोट दाखवायची गरज नाही.

एसपीएफसाठी ‘व्ही=एसपीएफ1 एमएक्स -ऑल’ एवढी ओळ पुरते. सगळी डोमेन सर्व्हरच्या नावाकडे बघत असल्याने उद्या आयपी बदलला तरी एकच ए नोंद बदलावी लागते. वार्तापत्राची एखादी बाहेरची सेवा वापरत असाल तर तिचं ‘इन्क्लूड’ याच ओळीत घाला. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या तर दोन्ही बाद होतात, आणि एका तपासणीत डीएनएसला जास्तीत जास्त 10 वेळा विचारता येतं. सर्व्हरच्या स्वतःच्या नावालाही ‘व्ही=एसपीएफ1 ए -ऑल’ द्या. परतीच्या सूचनांमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, तेव्हा समोरचा सर्व्हर हेलो नावाचा एसपीएफ बघतो.

डीकेआयएमची सही ज्या डोमेनच्या नावाने फ्रॉम ओळ आहे त्याच डोमेनची हवी, नाहीतर डीमार्क ती धरत नाही. सगळ्या डोमेनच्या पत्रांवर एक्झाम्पल.कॉमची सही मारली तर सही खरी ठरते आणि तरी उपयोग शून्य. ‘आरस्पॅमएडीएम डीकेआयएम_कीजेन’ने प्रत्येक डोमेनची 2048 बिटची आरएसए किल्ली करा. आरस्पॅमडी किल्ल्या स्वतःच्या डीकेआयएम फोल्डरमध्ये ‘डोमेन.सिलेक्टर.की’ या नावाने शोधतं (सिलेक्टर म्हणजे किल्लीचं नाव), म्हणून नाव तसंच ठेवलं तर नवं डोमेन जोडताना सेटिंग बदलावी लागत नाही. फाइल आरस्पॅमडीच्या वापरकर्त्याला वाचता आली पाहिजे. रूटने केलेली किल्ली तशीच राहिली की पत्रं सहीविना जातात. 2048 बिटची सार्वजनिक किल्ली 255 अक्षरांहून लांब असते, आणि टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा तेवढाच असतो. काही पॅनेल ती स्वतः तोडतात, काहींत अवतरण चिन्हं लावून दोन तुकडे करावे लागतात.

आरस्पॅमडी पोस्टफिक्सला पोर्ट 11332 वर मिल्टर (पत्र तपासणारा जोडप्रोग्राम) म्हणून जोडा. ‘मिल्टर_डिफॉल्ट_अॅक्शन’ बदलू नका. मुळात ते तात्पुरता नकार देतं. बरेच जण ते ‘अॅक्सेप्ट’ करतात, आणि मग आरस्पॅमडी बंद पडलं की पत्रं बिनसहीची, न गाळता वाहत राहतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

अनेक डोमेनमध्ये येणारी खास अडचण: लॉगिन अमुक@एक्झाम्पल.कॉमने आणि फ्रॉम विक्री@एक्झाम्पल.नेट. लॉगिनचं डोमेन आणि फ्रॉमचं डोमेन जुळत नाही म्हणून आरस्पॅमडी सही करत नाही. ‘अलाउ_युजरनेम_मिसमॅच’ चालू केलं की करतं, पण मग लिफाफ्यावर स्वतःचा आणि फ्रॉममध्ये दुसऱ्याचा पत्ता घालणाऱ्याला रोखणारी भिंत पातळ होते. सगळी डोमेन एकाच मालकाची असतील तर चालू करा. वेगवेगळ्या मालकांची असतील तर करू नका. त्या माणसाला दुसऱ्या डोमेनचं वेगळं लॉगिन द्या.

डीमार्क ‘पी=नन’ने सुरू करा, अहवाल दोन-चार आठवडे वाचा, सगळ्या खऱ्या पत्रांना सही आहे हे दिसलं की ‘क्वारंटाइन’, मग ‘रिजेक्ट’. तिन्ही डोमेनचे अहवाल एकाच पत्त्यावर, समजा डीमार्क@एक्झाम्पल.कॉमवर मागवायचे असतील तर बाकीच्या दोन्ही डोमेनसाठी एकेक जास्तीची नोंद लागते, जसं एक्झाम्पल.कॉमच्या डीएनएसमध्ये ‘एक्झाम्पल.नेट._रिपोर्ट._डीमार्क’ या नावाने ‘व्ही=डीमार्क1’ असं टीएक्सटी. ही परवानगी नसेल तर पाठवणारे एक्झाम्पल.नेटचे अहवाल पाठवत नाहीत, आणि अहवाल नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल त्याच्याकडे रोज 5000 किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्या डोमेनकडून, आणि याहू मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही मागतात. तुमचा आकडा लहान असला तरी तिन्ही लावा.

जे डोमेन मेल वापरतच नाही त्यालाही मोकळं सोडू नका. एसपीएफमध्ये नुसतं ‘-ऑल’, डीमार्क ‘रिजेक्ट’, आणि एमएक्स शून्य प्राधान्याने एका टिंबाकडे.

प्रमाणपत्र

मेल.एक्झाम्पल.कॉमचं एक प्रमाणपत्र पुरतं. वापरकर्त्यांना मेल अॅपमध्ये सर्व्हरचं नाव म्हणून हेच नाव टाकायला सांगा, त्यांचं डोमेन कुठलंही असो. कोणी स्वतःचं मेल.एक्झाम्पल.नेट टाकलं की प्रमाणपत्राचा इशारा येतो आणि तुमच्याकडे तक्रार. तरी ग्राहकाला स्वतःचंच नाव हवं असेल, तर सोपा मार्ग म्हणजे एकाच प्रमाणपत्रात ते नावही घालणं. पोस्टफिक्स 3.4 पासून एसएनआयचा (मागितलेल्या नावाप्रमाणे प्रमाणपत्र निवडण्याचा) तक्ता करून नावागणिक वेगळं प्रमाणपत्रही देता येतं. पण त्या तक्त्यात किल्लीचा मजकूरच साठवला जातो, त्यामुळे प्रमाणपत्र नवं झालं की ‘पोस्टमॅप -एफ’ (मोठ्या लिपीतलं एफ) पुन्हा चालवावं लागतं. प्रमाणपत्र आणणाऱ्या सर्टबॉटच्या नूतनीकरणानंतरच्या हुकमध्ये ते, आणि पोस्टफिक्स व डव्हकॉट दोघांचं रीलोड घाला. रीलोड नसेल तर डव्हकॉट जुनंच प्रमाणपत्र दाखवत राहतं, डिस्कवर नवं पडलेलं असूनही.

एमएक्स वळवण्याआधी

एमएक्स नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद लक्षात ठेवायचा काळ, 300 सेकंदांवर आणा, आणि जुन्या टीटीएलइतका वेळ जाऊ द्या. डोमेन, मेलबॉक्स आणि एलियास सर्व्हरवर तयार झाल्यावरच एमएक्स वळवा. क्रम उलटा झाला तर सर्व्हर ‘रिले अॅक्सेस डिनाइड’ म्हणतो. 454 ने म्हणाला तर पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो, 554 ने म्हणाला तर पत्र कायमचं परत. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये 454 देणारं ‘डिफर_अनऑथ_डेस्टिनेशन’ असतं. वळवण्याच्या दिवशी ते तसंच राहू द्या आणि शिवाय ‘सॉफ्ट_बाउन्स’ चालू ठेवा, म्हणजे कुठलाच नकार कायमचा होणार नाही. सगळं सुरळीत झालं की सॉफ्ट_बाउन्स आठवणीने बंद करा. जुनी पत्रं आयमॅपसिंकने आणा. तो तेच पत्र पुन्हा आणत नाही, म्हणून आधी एकदा आणि एमएक्स वळवल्यावर पुन्हा एकदा चालवता येतो.

तपासायला ‘पोस्टमॅप -क्यू’ने प्रत्येक तक्त्याला एकेक पत्ता विचारा, खोटा पत्ताही विचारा, त्याला उत्तर मिळालं तर क्वेरी सैल आहे. ‘डव्हअॅडम युजर’ पेटीची जागा दाखवतं, ‘डव्हअॅडम ऑथ टेस्ट’ पासवर्ड. स्वाक्स या चाचणी-पत्र पाठवणाऱ्या आदेशाने प्रत्येक डोमेनकडून बाहेरच्या पत्त्यावर एक पत्र पाठवा आणि पोचलेल्या पत्राच्या हेडरमधली ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ओळ वाचा: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही पास, आणि डीकेआयएमच्या पुढे त्याच डोमेनचं नाव. मग एका डोमेनच्या लॉगिनने दुसऱ्याच्या नावाने पाठवून बघा. ते अडायला हवं.

आयपी सगळ्यांचा एकच असल्याने एका डोमेनचा पासवर्ड चोरीला गेला तरी बदनामी सगळ्यांची होते. पोस्टफिक्सची वेगमर्यादा आयपीगणिक मोजते, वापरकर्त्यागणिक नाही, त्यामुळे चोरलेला पासवर्ड शंभर आयपींवरून वापरला तर ती कामाची नाही. आरस्पॅमडीमध्ये लॉगिनगणिक मर्यादा घाला. साध्या वापराला तासाला 100 पत्रं भरपूर होतात.

डोमेन काढताना

एखादं डोमेन दुसरीकडे गेलं तर आपल्या यादीतून ते वेळेवर काढा. एमएक्स बदलली तरी यादीत नाव असेपर्यंत पोस्टफिक्स डीएनएसकडे बघतच नाही, ते डोमेन आपलंच समजतं. परिणामी बाहेरच्या जगाची पत्रं नव्या जागी जातात, आणि तुमच्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या डोमेनची पत्रं जुन्या, कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडतात. पाठवणाऱ्याला नकारही येत नाही. आधी एमएक्स बदलू द्या, टीटीएल उलटेपर्यंत थांबा, पेटीत शेवटी आलेली पत्रं हलवा, मग डोमेन, मेलबॉक्स, एलियास आणि सेंडर लॉगिन या चारही तक्त्यांतून ओळी काढा. दुसऱ्या डोमेनच्या एलियासमध्ये उजव्या बाजूला त्याचे पत्ते राहिलेत का ते शोधा. डीकेआयएमची किल्ली पुसा, आणि मालकाला त्याच्या एसपीएफमधून तुमच्या सर्व्हरचं नाव व डीएनएसमधून जुनी डीकेआयएम नोंद काढायला सांगा.